‘पास आउट’ झालो म्हणजे नक्की काय झालो?

रानजाई

एका इंग्रजी क्रियापदावरून सध्या आमच्या घरात जोरात वाद चाललाय, म्हणून इथल्या जाणकारांना विचारतेय. आपण सर्रास म्हणतो ना, ‘मी २०२२ ला पास आउट झालो’, ‘ती अमक्या कॉलेजची पासआउट आहे’, तर भाच्याने परदेशातल्या नोकरीच्या अर्जात अगदी तसंच लिहिलं, ‘आय पास्ड आउट इन २०२२’, आणि अर्ज तपासून देणाऱ्या अमेरिकन बाईंनी तिथे खूण करून शेजारी लिहिलं की तुम्हाला चक्कर आली होती हे कंपनीला सांगायची गरज आहे का? आता यजमानांचं म्हणणं की आपण भारतीय लोक इंग्रजीची वाट लावतो, आणि माझं म्हणणं की इतकी कोटी माणसं रोज एक शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि एकमेकांना तो कळतो, तर तो चूक कसा?

माझे प्रश्न असे. आपला वापर खरंच चूक आहे की फक्त वेगळा आहे? या ‘पास आउट’चे एकूण अर्थ तरी किती? आणि भाच्याने अर्जात लिहायचं काय? कृपया ‘गूगल कर’ असं सांगू नका, ते करून झालंय, तिथे प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

ह्यूस्टनकर

अमेरिकेत हा शब्द शिक्षणासाठी वापरू नका. चूक-बरोबर राहू दे बाजूला, समोरच्याला वेगळंच चित्र दिसतं. इथे पास आउटचा पहिला अर्थ शुद्ध हरपणे. मग ती उन्हाने असो, दारूने असो, नाहीतर नुसत्या थकव्याने असो. ‘आय वॉज सो टायर्ड आय पास्ड आउट ऑन द काउच’ म्हणजे सोफ्यावर पडल्या पडल्या मेल्यासारखा झोपलो.

दुसरा अर्थ वाटणे. मुलीच्या शाळेत बाई म्हणतात ‘पास आउट द वर्कशीट्स’, म्हणजे सगळ्यांना कागद वाट. हॅलोविनला दारात येणाऱ्या पोरांना लोक ‘पास आउट’ करतात कँडी. त्यामुळे इथल्या माणसाला ‘पास्ड आउट फ्रॉम पुणे युनिव्हर्सिटी’ ऐकून काही सेकंद काहीच उमगत नाही.

मिरचीकांदा

आमच्याकडे कॉलेजात पास आउट होणारे आणि पार्टीत पास आउट होणारे बरेचदा तेच लोक असायचे, त्यामुळे आम्हाला कधी गोंधळ वाटला नाही.

कोल्हापुरी ठसका

@मिरचीकांदा खल्लास 😂 आमच्यात पार्टीतल्याला ‘पास’ पण लावत नाहीत, नुसतं ‘आउट’. ‘गडी दोन पेगात आउट झाला.’ आणि कुणी लई पीळ मारला की ‘डोस्कं आउट करू नगंस’. क्रिकेटात आउट, पेपर फुटला तरी आउट. एवढ्याशा शब्दावर आपला अर्धा दिवस चालतोय बघा.

फौजी काका

रानजाई ताई, तुमचं बरोबर आहे, यजमानांना सांगा. हा शब्द आपण घरी बनवलेला नाही, तो फौजेतून आलेला ब्रिटिश शब्द आहे. ऑक्सफर्डच्या कोशात आजही ‘ब्रिटिश’ अशी खूण करून अर्थ दिलाय, सैन्यातलं प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणे. ‘पासिंग आउट परेड’ हा शब्द तर आपल्या पेपरात वर्षातून दोनदा तरी येतोच, एकदा मे-जूनच्या सुमाराला आणि एकदा नोव्हेंबर-डिसेंबरात.

खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, ही परेड खेत्रपाल परेड ग्राउंडवर होते. १९७१ च्या युद्धात परमवीर चक्र मिळालेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचं नाव आहे त्या मैदानाला, तेही एनडीएचेच. परेडच्या शेवटी पास आउट होणारी तुकडी ‘ऑल्ड लँग साइन’ या निरोपाच्या गाण्याच्या सुरावर स्लो मार्च करत जाते आणि ‘अंतिम पग’ ओलांडते. तो दगड ओलांडला की अकादमीतून बाहेर. म्हणजे इथे ‘पास’ हे परीक्षेतलं पास नाहीच, इथे पास म्हणजे शब्दशः चालत जाणे, आणि आउट म्हणजे बाहेर. डोळ्यांनी बघितलं की या क्रियापदाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट जी बाहेरच्यांना बहुतेक वेळा माहीत नसते. एनडीएतून पास आउट झालेला मुलगा त्या दिवशी अधिकारी होत नाही. तीन वर्षं झाली तरी तो कॅडेटच. तिथून लष्कराचे देहरादूनला आयएमएत म्हणजे लष्करी अकादमीत, नौदलाचे एळिमलाला, हवाई दलाचे डुंडीगलला जातात, आणि तिथून पुन्हा एकदा पास आउट झाल्यावर खांद्यावर तारे लागतात. देहरादूनला आईवडील स्वतःच्या हाताने ते तारे लावतात. पदवीचं म्हणाल तर एनडीएची पदवी दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची असते आणि ती परेडच्या आधी वेगळ्या पदवीदान समारंभात देतात. म्हणजे ग्रॅज्युएट होणं वेगळं आणि पास आउट होणं वेगळं, दोन्हीला वेगळे कार्यक्रम आहेत! ३० मे २०२५ ला १४८ व्या कोर्सबरोबर एनडीएतून पहिल्या १७ मुली पास आउट झाल्या, तेव्हा जगभरच्या पेपरांनी ‘पास आउट’ हाच शब्द छापला असेल, तिथे कुणी चक्कर आली असं समजलं नाही.

रानजाई

काका, हे वाचून अंगावर काटा आला. ‘ग्रॅज्युएट होणं वेगळं आणि पास आउट होणं वेगळं’ हे वाक्य यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरोबर आहे, पण आपला भाचा काही एनडीएत नव्हता. आता बोला.

चिंतामणी_सातारा

यजमानांना एक गुण.

इंग्रजीच्या बाई

मी आयुष्यभर सातारा जिल्ह्यात इंग्रजी शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

मुलांना फ्रेझल व्हर्ब, म्हणजे ‘पास आउट’सारखी जोडक्रियापदं, शिकवताना सगळ्यात मोठी अडचण ही असते की ती एक-एक शब्द सुटा करून अर्थ लावतात. पास म्हणजे उत्तीर्ण, आउट म्हणजे बाहेर, म्हणून पास आउट म्हणजे उत्तीर्ण होऊन बाहेर. ऐकायला इतकं बिनचूक वाटतं की पुढे शंका यायचं कारणच नाही. माझ्या मते आपल्याकडे हा प्रयोग एवढा रुजला त्याचं हेच कारण आहे. फौजी काका म्हणतात ते खरं, शब्द फौजेतून आला असेल, पण आपल्या घराघरांत तो टिकला ‘पास’ या शब्दामुळे. ‘पास’ आणि ‘नापास’ हे आता मराठी शब्द आहेत, आणि ‘ना’ हा उपसर्ग इंग्रजी शब्दाला लावून आपण जो ‘नापास’ केला तो इंग्रजांनाही कळणार नाही.

आता व्याकरण. शुद्ध हरपणे या अर्थी हे अकर्मक आहे, त्याला कर्म लागत नाही, ‘शी पास्ड आउट’ इथे वाक्य संपलं. वाटणे या अर्थी सकर्मक आहे आणि मध्ये फोडता येतं, ‘पास आउट द बुक्स’ चालतं, ‘पास द बुक्स आउट’ही चालतं. पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसलं पाहिजे, ‘पास देम आउट’. ‘पास आउट देम’ हे चूक. हा नियम पाठ करून ठेवला तर ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑन’, ‘टेक ऑफ’ सगळीकडे उपयोगी पडतो. फौजी अर्थाने पुन्हा अकर्मक आणि पुढे बहुधा ‘ऑफ’ येतो, ‘पास्ड आउट ऑफ सँडहर्स्ट’ (ही ब्रिटिश लष्कराची अकादमी). आपण ‘फ्रॉम’ लावतो. आणि बोलताना जोर ‘पास’वर नसतो, ‘आउट’वर असतो. आपण सगळे ‘पास’वर जोर देतो, कारण आपल्याला पास झाल्याचाच आनंद असतो.

रानजाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं की भारतात चूक नाही, भारताबाहेर धोक्याचं आहे.

मिरचीकांदा

बाई, तुम्ही मला शिकवायला असतात तर मी आज कुठल्या कुठे असतो.

कैरीडॉक्टर

इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत काम करते, त्यामुळे हा शब्द दिवसातून अनेकदा कानावर पडतो आणि दर वेळी तो उलगडून विचारावा लागतो. पेशंट म्हणतो ‘आय पास्ड आउट’. आमच्या पुस्तकात सिंकोप म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी पडून शुद्ध जाणे, आणि आपोआप परत येणे. पण पेशंटचं पास आउट म्हणजे सिंकोप असेलच असं नाही. कधी ती फिट असते, कधी साखर कमी झालेली असते, कधी नुसती गरगर असते आणि शुद्ध गेलेलीच नसते. त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला, ‘जमिनीवर पडलेलं आठवतंय का? कुणी बघितलं का?’

दारूच्या बाबतीत तर फार महत्त्वाचा फरक आहे आणि तो मराठीतही लोकांनी समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. ‘पास आउट’ म्हणजे माणूस बेशुद्धसारखा पडला, हलवून उठत नाही. ‘ब्लॅक आउट’ म्हणजे माणूस चालतोय, बोलतोय, कदाचित गाडीही चालवतोय, पण मेंदू ते नोंदवत नाहीये आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. बघणाऱ्याला पहिला माणूस धोक्यात दिसतो आणि दुसरा ठीक वाटतो, पण दोघांनाही सांभाळायला हवं. आणि पहिल्याला ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून उताणा टाकून जाऊ नका, कुशीवर वळवा, उलटी घशात गेली तर श्वास अडकतो. जवळ थांबा, उठत नसेल तर ॲम्ब्युलन्स बोलवा.

आणि ‘फेंट’ आणि ‘पास आउट’ यातला फरक. रक्त बघून किंवा गर्दीत उभं राहून होतं ते फेंट, दारू पिऊन पडणाऱ्याला कुणी फेंट झाला म्हणत नाही. पास आउट दोन्हीला चालतं.

फौजी काका, तुमच्यासाठी एक. १० जून २०२३ ला लंडनमध्ये ट्रूपिंग द कलर या राजाच्या वाढदिवसाच्या परेडच्या तालमीत प्रिन्स विल्यमसमोर काही गार्ड्स उन्हात कोसळले, तीस अंशांच्या आसपास तापमान होतं, अंगात लोकरी कोट आणि डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची टोपी. म्हणजे परेडमध्ये पास आउट होणे दोन्ही अर्थांनी शक्य आहे.

फौजी काका

डॉक्टर, शक्य आहे कसलं, होतंच! सावधानमध्ये बराच वेळ गुडघे ताठ करून उभं राहिलं की पायातलं रक्त वर येत नाही. उस्ताद लोक पहिल्यापासून सांगतात, बुटात अंगठे हलवत राहा, वजन चवड्यावर घ्या, सकाळी उपाशी येऊ नका. बाहेरून पुतळा दिसला पाहिजे आणि बुटाच्या आत बोटं चालू पाहिजेत.

कैरीडॉक्टर

बरोब्बर. पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलायचं काम करतात, ते आखडून ठेवले तर रक्त पायात साचतं, रक्तदाब उतरतो, मेंदूला कमी पडतं. आडवा झाला की मेंदूला रक्त पोचतं आणि माणूस शुद्धीवर येतो. म्हणून चक्कर आलेल्याला जबरदस्तीने उठवून उभं करू नये, पाय थोडे उचलून झोपवावं. शुद्धीवर येण्याला इथे ‘कम राउंड’ म्हणतात, अमेरिकेत बहुतेक ‘कम टू’. आणखी दोन फ्रेझल व्हर्ब घ्या.

बोली_जपा

सगळी चर्चा वाचली. मला मूळ मुद्द्यालाच हरकत आहे. आपण ‘पास आउट’चा वाद घालतोय पण मराठीत याला शब्द नव्हते का? बेशुद्ध पडणे, घेरी येणे, भोवळ येणे, मूर्च्छा येणे, शुद्ध हरपणे, प्रत्येकाची छटा वेगळी. भोवळ आली म्हणजे अजून उभा आहे, धरलं तर सावरेल. घेरी आली म्हणजे खाली बसला. शिक्षणासाठी उत्तीर्ण झालो, पदवी घेतली, पदवीधर झालो. पासिंग आउट परेडला तर नाशिकच्या पोलीस अकादमीच्या बातम्यांत सरळ ‘दीक्षांत संचलन’ लिहितात, केवढा देखणा शब्द आहे. तो टाकून आपण ‘पीओपी’ म्हणतो, जे ऐकून मला गणपतीची मूर्ती आठवते.

मला तर आपलं जुनं साधं ‘झाला’ सगळ्यात आवडतं. १८६२ साली मुंबई विद्यापीठातून पहिली बीएची तुकडी बाहेर पडली, त्यात रानडे आणि भांडारकर होते. त्यांच्याबद्दल आपण काय म्हणतो? ‘बी.ए. झाले.’ १८८६ साली आनंदीबाई जोशी पेनसिल्व्हेनियात ‘एम.डी. झाल्या’. ना पास, ना आउट. माणूस काहीतरी झाला, हे सांगायला यापेक्षा चांगलं क्रियापद कुठल्या भाषेत आहे?

रानजाई

@बोली_जपा ‘बी.ए. झाले’ हे फारच आवडलं. माझी आजी अगदी असंच म्हणायची, ‘तो मॅट्रिक झालाय’.

चिंतामणी_सातारा

मम. पण मुलाखतीत ‘आय बिकेम बीई’ म्हणून बघा काय होतं ते.

एचआरवाली_हिंजवडी

भरती हेच काम असल्यामुळे लिहिते. सगळे जण ‘ग्रॅज्युएट’ला पर्याय म्हणून ‘पास आउट’कडे बघताय, पण आमच्याकडे येणारे सगळे ग्रॅज्युएट नसतात हे लक्षात घ्या. आयटीआय असतो, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा असतो, बारावीनंतरचा एखादा कोर्स असतो. आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हणजे पदवीधरच, त्यामुळे डिप्लोमावाल्याने ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०२३’ लिहिलं तर त्याने डिग्री असल्याचा दावा केला असं आम्ही समजू आणि कागदपत्रं तपासताना तो बिचारा अडकेल. अमेरिकेत हायस्कूललाही ग्रॅज्युएशन म्हणतात, बालवाडीतही म्हणतात, त्यांना ही अडचणच नाही. आपल्याकडे ‘पास आउट’ हा एकच शब्द असा आहे जो दहावीपासून पीएचडीपर्यंत कुणालाही लागतो आणि कुणी खोटं बोलतंय असं होत नाही. म्हणून जाहिरातीत ‘२०२५ पासआउट्स ओन्ली’ असं लिहितो, त्यात किती वर्षाची डिग्री ते आलंच नाही, फक्त बाहेर पडल्याचं वर्ष आलं. या शब्दाने आपल्याकडे एक खरी गरज भागवली आहे आणि म्हणून तो टिकलाय, इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे.

इंग्रजीच्या बाई

हा मुद्दा मी इतक्या वर्षांत कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. फार नेमकं लिहिलंस ग.

ह्यूस्टनकर

एचआरवाली, मुद्दा पटला, पण अर्धा. त्यासाठी ‘कम्प्लीटेड’ आहे ना. ‘कम्प्लीटेड अ डिप्लोमा इन २०२३’ जगात कुठेही चालेल. मग धोक्याचा शब्द कशाला?

एचआरवाली_हिंजवडी

चालेल की. पण ‘कम्प्लीटेड’चं नाम करून दाखवा. ‘२०२५ कम्प्लीटेड्स’? ‘पासआउट’ नाम म्हणून वापरता येतो, बॅचला नाव देता येतं. तुमच्याकडे ‘क्लास ऑफ २०२५’ म्हणता, आमच्याकडे ‘क्लास’ म्हटलं की लोकांना कोचिंग क्लास आठवतो.

ह्यूस्टनकर

🙏 हार मानली. (फक्त पुणे हद्दीपुरती.)

पत्तेबाज

अजून एक अर्थ राहिला. पत्त्यांच्या ब्रिजमध्ये बोली लावताना चारही खेळाडूंनी पास म्हटलं की तो डाव ‘पास्ड आउट’. घरगुती रबर ब्रिजला पत्ते पुन्हा वाटतात, स्पर्धेतल्या डुप्लिकेट ब्रिजला दोन्ही बाजूंना शून्य आणि पुढचा डाव. म्हणजे सगळे पास झाले आणि हाताला काहीच लागलं नाही. आणि तीन पास झाल्यावर ज्याच्यावर येतं त्या जागेला पासआउट सीट म्हणतात, तिथे बसून बोली लावायची की डाव सोडायचा हे ठरवणं ही ब्रिजमधली खास कला आहे, वेगळा धागा काढेन.

मिरचीकांदा

सगळे पास झाले आणि हाताला काहीच लागलं नाही, ही आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचची गोष्ट आहे.

वसईकरीण

थोडं अवांतर, पण राहवत नाही. ‘पास’ आणि ‘ओव्हर’ जोडून ‘पासओव्हर’ हा सणाचा शब्द इंग्रजीत आणला विल्यम टिंडेल यांनी, सोळाव्या शतकात बायबलचं भाषांतर करताना. मृत्यू इस्राएली लोकांची घरं ओलांडून पुढे गेला, त्याची आठवण. आमच्या मराठी बायबलात त्याला ‘वल्हांडण’ म्हणतात. लहानपणी चर्चमध्ये ऐकताना वाटायचं कुठला अवघड शब्द आहे, मग एकदा आजीने सांगितलं, अगं वलांडणे म्हणजेच ओलांडणे. इंग्रजी क्रियापदाला हिब्रू सणाचं नाव करता येतं तसं मराठी क्रियापदालाही करता येतं. काकांनी वर ‘अंतिम पग ओलांडते’ लिहिलं तेव्हा हेच आठवलं.

बोली_जपा

वसईकरीण, हे सोनं आहे. वल्हांडण आजच कळला.

फौजी काका

वा. खूपच छान.

नवशिका_लिओन

नमस्कार. माझी बायको नागपूरची आहे, मी फ्रान्सचा. मराठी शिकतो आहे पाच वर्षं. तुम्ही सगळे म्हणता इंग्रजी फ्रेझल व्हर्ब अवघड, मला एक सांगा, ‘लागणे’ म्हणजे काय? भूक लागते, पाऊस लागतो, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागतो, डोळा लागतो, वेड लागतं, निकाल लागतो. सासूबाई म्हणाल्या ‘त्याचा चांगला निकाल लागला’, मी अभिनंदन केलं, तर तो माणूस धंद्यात बुडाला होता. आणि ‘टाकणे’. खाऊन टाक, सांगून टाक, पण ‘येऊन टाक’ नाही. का नाही?

इंग्रजीच्या बाई

लिओन, तुमचं मराठी वाचून फार आनंद झाला. ‘टाकणे’ बहुतेक सकर्मक क्रियापदांना लागतं, एखादं काम उरकून मोकळं होण्याच्या अर्थाने. खाऊन टाक, विकून टाक, सांगून टाक. ‘येणे’ अकर्मक आहे, तिथे उरकायला काही वस्तूच नाही, म्हणून ‘येऊन जा’. आपल्या संयुक्त क्रियापदांत दुसरं क्रियापद जे काम करतं तेच काम इंग्रजीत ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ करतात. ‘ईट’ म्हणजे खा, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. मुलांना असं जोडून शिकवलं की ती घाबरत नाहीत, हा माझा वर्गातला अनुभव आहे. एक-एक क्रियापद यादी करून पाठ करून घेणारे क्लास बघितले की वाईट वाटतं, कारण मराठी पोराच्या डोक्यात ही यंत्रणा आधीच असते, तिला फक्त हाक मारायची असते.

कोल्हापुरी ठसका

लिओनभाऊ, तुम्ही ‘लावणे’ला हात लावू नका अजून. जीव लावणे, वाट लावणे, लग्न लावणे. शेवटचे दोन बरोबर लिहिलेत, क्रम बघून घ्या 😄

नवशिका_लिओन

लग्न झालं आहे, त्यामुळे क्रम समजला.

रानजाई

धागा कुठून कुठे गेला, आणि प्रत्येक वळण आवडलं. पण भाच्याची मुदत जवळ आलीय, तेवढं सांगा. वाक्य काय लिहू?

एचआरवाली_हिंजवडी

बायोडेटात वाक्यच नको. ‘बी.ई. मेकॅनिकल, विद्यापीठाचं नाव, २०२२’. क्रियापद नाही म्हणजे भांडण नाही. कव्हर लेटरमध्ये लागलंच तर ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०२२ विथ अ डिग्री इन मेकॅनिकल इंजिनिअरिंग’, त्याची डिग्रीच आहे त्यामुळे इथे अडचण नाही. भारतीय कंपनीला पाठवताना फॉर्ममध्ये ‘इयर ऑफ पासिंग’ असा रकाना असतो, तिथे आकडा भरायचा.

इंग्रजीच्या बाई

आणि ‘वॉज ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ असं कुणी जुन्या पुस्तकातून सुचवलं तर घेऊ नका, एकेकाळी ते चालायचं, आता फार शिळं वाटतं. ‘फ्रॉम’ मात्र टाळू नका, अमेरिकेत बोलताना बरेच लोक ‘ग्रॅज्युएटेड कॉलेज’ म्हणतात पण लिहिताना ‘फ्रॉम’ हवाच.

ह्यूस्टनकर

अनुमोदन. आणि मुलाखतीत तोंडून निघालंच तर घाबरायचं नाही. आमच्या ऑफिसातल्या एका तेलुगू मुलाने शांतपणे सांगितलं, ‘इन इंडिया इट मीन्स आय फिनिश्ड कॉलेज’, आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. समोरच्यांना तो आत्मविश्वास आवडला.

रानजाई

यजमानांनाही सगळा धागा वाचायला दिला. ते म्हणतात, भारतात चालू दे, अर्जात नको. म्हणजे आम्ही दोघंही जिंकलो. आता भाच्याने त्याच पत्रात पुढे ‘पास्ड इन फ्लाइंग कलर्स’ लिहिलंय, ते बरोबर आहे का?

फौजी काका

‘विथ’ फ्लाइंग कलर्स, ताई. कलर्स म्हणजे इथे रंग नव्हेत, निशाणं. लढाई जिंकून परतणारं जहाज झेंडे फडकवत यायचं, त्यावरून आलाय. एनडीएच्या परेडमध्ये राष्ट्रपतींनी दिलेला कलर घेऊन निशान टोली, म्हणजे झेंडा वाहणारी तुकडी, चालते तोही हाच कलर. झेंडा बरोबर असतो, त्याच्या आत कुणी नसतं, म्हणून ‘विथ’.

रानजाई

‘विथ’ केलं. पाठवतेय अर्ज.